डोकमर्डीत सापडलं पोपटीचं भावंड

सिल्वासातल्या डोकमर्डीत बिऱ्हाड मांडल्यानंतरचा आमचा तो पहिलाच हिवाळा. एका संध्याकाळी शेजारच्या बेननी दारातूनच स्टीलचा डबा पुढे केला. "गरम छे, हमणां ज खाई लो," म्हणाल्या आणि गेल्यासुद्धा. झाकण काढलं आणि मी तिथेच थांबले. धुराचा, ओव्याचा आणि कुठल्यातरी रानपाल्याचा तो वास माझ्या ओळखीचा होता. माझं माहेर रायगडातल्या रोह्याकडचं. हा वास आमच्याकडच्या पोपटीचा, मडक्यात पाल्यासकट भाजलेल्या वालाच्या शेंगांचा!

डब्यात मात्र पोपटी नव्हती. सालासकट शिजून काळपट हिरव्या झालेल्या पापडीच्या शेंगा होत्या, कोनफळाचे जांभळे तुकडे होते, रताळं होतं आणि वांग्यासारखे चिरा दिलेले छोटे बटाटे. चिरांमध्ये हिरवं वाटण गच्च भरलेलं. सोबत हिरवी चटणी. दुसऱ्या दिवशी डबा परत करताना नाव कळलं, उबाडियू. थंडी पडली की वापी ते वलसाडच्या पट्ट्यात महामार्गाच्या कडेला याचे मांडव लागतात. वलसाडजवळचं डुंगरी तर त्यासाठीच ओळखलं जातं. गरम उबाडियू तिथे किलोवर विकतात आणि वर थंडगार ताक प्यायचं.

पुढच्या रविवारी आम्ही तिकडे गेलो, मडकं लागताना बघायलाच. पापडी, कोनफळ, रताळी, बटाटे एकत्र करून त्यांना वाटण चोळलं होतं. ओला लसूण, हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर, आंबेहळद, ओवा, मीठ. तेलाचा थेंब नाही, पाणी नाही. मडक्याला आतून कलार आणि कंबोई या रानवनस्पतींच्या पाल्याचा थर, मग भाज्या, तोंडाशी पुन्हा पाला दाबून बसवलेला. मग मडकं जमिनीवर उपडं केलं, भोवती गोवऱ्या आणि वाळका पालापाचोळा रचला आणि पेटवून दिलं.

मडकं उपडं का, याचा विचार मी लहानपणी कधी केला नव्हता. सरळ मडकं चुलीवर ठेवलं की जाळ बुडाला लागतो. पाणी घातलं नाही तर खालचा थर करपतो आणि वरचा कच्चा राहतो. उपड्या मडक्याला जाळ वरून आणि बाजूंनी लागतो, तोंड जमिनीवर टेकलेलं असल्याने त्या बाजूला धग कमी. शेंगांच्या आणि कंदांच्या अंगातलंच पाणी वाफ होतं. दाबून बसवलेला पाला ती वाफ पटकन बाहेर जाऊ देत नाही, आणि कडेचा पाला भाजीला तापल्या मातीला चिकटू देत नाही. म्हणजे बाहेर आग असली तरी आत पदार्थ वाफवला जातो, आणि पाल्याचा वास त्या वाफेबरोबर शेंगेच्या दाण्यापर्यंत पोचतो. माती हळू तापते आणि हळूच निवते, त्यामुळे जाळ विझला तरी आतलं शिजणं चालूच राहतं. कुकरमध्ये हे होत नाही. मी करून पाहिलंय. भाज्या मऊ झाल्या, पण ते उबाडियू नव्हे.

आमच्या पोपटीचंही मडकं असंच उपडं, पण पाला भांबुर्ड्याचा. वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ आणि मध्ये अंडी. हल्ली मसाला लावलेली कोंबडीही सर्रास असते. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा. चर्र आवाज होऊन पाणी क्षणात उडून गेलं की पोपटी झाली. उबाडियू शाकाहारी आणि वाटणाने झणझणीत. पारशी घरांत मात्र त्यातही मांस घालतात.

मग कोणी कोणाकडून घेतलं? मला हा प्रश्नच फारसा पटत नाही. रायगडात भात कापलं की जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरतात. त्याच्या शेंगा पौष-माघात भरतात. पावसाने वाढवलेला भांबुर्डा तेव्हा बांधावर फोफावलेला असतो. पेंढा, पालापाचोळा सुकलेला असतो आणि रात्री शेकोटी हवीशी वाटते. ओला लसूणही याच दिवसांतला. हे सगळं एका महिन्यात एका शेतात जमून येत असेल, तर राखणीला बसलेल्या माणसाला मडकं उपडं करायची युक्ती रोह्यातही सुचणार आणि डुंगरीतही. घराघरांतल्या उंधियोचं नावसुद्धा 'ऊंधुं' म्हणजे उपडं या शब्दावरूनच आलंय, जरी आज तो बहुतेक वेळा पातेल्यात तेलावर शिजतो.

सिल्वासा ज्यात येतं त्या दादरा-नगर हवेलीच्या एका अंगाला पालघर जिल्हा, दुसऱ्या अंगाला वलसाड. दमणगंगा उगम पावते नाशिक जिल्ह्यात आणि समुद्राला मिळते दमणला. इथल्या बाजारात मराठी-गुजराती इतकी मिसळलेली की शब्द जपून वापरावे लागतात. मी 'रताळू' मागितलं की भाजीवाली कोनफळ तोलते, कारण गुजरातीत रताळू म्हणजे तेच. आपलं रताळं हवं असेल तर 'शक्करियां' म्हणायचं. आता माझ्या पिशवीत दोन्ही असतात.

गेल्या जानेवारीत माहेरी पोपटी लावली तेव्हा मी इथून आंबेहळद आणि ओल्या लसणाच्या जुड्या घेऊन गेले. भावाने आधी नको म्हटलं, पोपटीत वाटण कसलं घालतेस? शेवटी अंड्यांच्या शेजारी चार बटाटे भरून ठेवू दिले. मडकं फोडलं, सगळे पेंढ्यावर गोल करून बसले. आईने एक बटाटा फुंकून फुंकून खाल्ला, बोटाला लागलेलं वाटण चाटलं आणि विचारलं, "आंबेहळद थोडी मागे ठेवलीस ना गं? परसात लावते."