चौदाव्या दिवसापासून

तेराव्यापर्यंत घर भरलेले असते. पुण्या-मुंबईहून मुले येतात, भावकी ओसरीवर बसून असते, चहाचे भांडे चुलीवरून उतरत नाही. चौदाव्या दिवशी सकाळच्या एसटीने बहुतेक माणसे निघून जातात. मागे राहिलेल्या आजोबांना किंवा आजींना जोडीदार गेल्याची खरी जाणीव त्या दिवशी दिवेलागणीला होते. वाचकहो, आज आपणाशी बोलायचे आहे ते या दिवसापासून पुढच्या वर्षभराविषयी.

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे तरुणांना शहराकडे पाठवणारे तालुके. राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यांत, भाटघर धरणाच्या काठावरच्या गावांत कित्येक घरी म्हातारा-म्हातारी अशी दोनच माणसे राहतात. त्यांची कामे वर्षानुवर्षे वाटून घेतलेली असतात. औषधाच्या गोळ्या आजी काढून देतात. बँक, रेशन आणि सातबारा आजोबा पाहतात. एक माणूस गेले की त्याच्या वाट्याची सगळी कामे एका दिवसात अनाथ होतात. दवाखान्यात येणाऱ्या विधुर पुरुषांना मी प्रथम विचारतो, ‘काल रात्री काय जेवलात?’ उत्तर बहुधा ‘चहा-बिस्किट’ असेच येते. स्त्रियांचे उत्तर निराळे असते : ‘एकटीसाठी कुठे चूल पेटवायची?’ परिणाम एकच. वजन उतरते, साखर खालीवर होते, रक्तदाबाची गोळी कधी दोनदा घेतली जाते, कधी मुळीच घेतली जात नाही.

हा काळ शरीरासाठी खरोखरच जोखमीचा आहे. ब्रिटनमध्ये ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा नऊ वर्षे मागोवा घेण्यात आला होता; त्याचे निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध झाले. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळले, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. पुढे ते हळूहळू पूर्वपदावर आले. म्हणून छातीत दुखणे, धाप लागणे, घाम फुटणे यांना ‘दुःखामुळे होते’ म्हणून घरी बसू नये. तीव्र मानसिक आघाताने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा ‘ताकोत्सुबो’ नावाचा विकारही आहे. तो उतारवयातील स्त्रियांत अधिक दिसतो, आणि त्याची लक्षणे हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्यासारखी असतात. दोहोंतला फरक ओसरीवर बसून कळत नाही. ईसीजी काढावाच लागतो.

आता एक गोष्ट, जी रुग्ण फार उशिरा आणि आवाज खाली आणून सांगतात. ‘डॉक्टर, पहाटे त्यांची काठी वाजल्यासारखी वाटते.’ ‘मागच्या दारी ती उभी दिसली.’ घरच्यांना सांगितले तर कुणी देवऋषाकडे नेईल, कुणी वेड लागले म्हणेल, अशी भीती असते. डॉ. ड्यूई रीस हे वेल्सच्या डोंगराळ मुलखातले, माझ्यासारखेच साधे गावचे डॉक्टर. त्यांनी आपल्या भागातील २९३ विधवा-विधुरांना हाच प्रश्न विचारला. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचे अस्तित्व जाणवले होते : कुणाला दिसले, कुणाला ऐकू आले, कुणाला नुसतेच जवळ असल्यासारखे वाटले. बहुतेकांनी ते कुणालाही सांगितले नव्हते आणि अनेकांना त्यातून आधारच मिळाला होता. हा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा आपल्या आईला असे काही जाणवले, तर तिला गप्प करू नका. शेजारी बसून ऐका. मात्र आवाज ‘तूही ये’ असे म्हणू लागला, किंवा वेळ-स्थळाचे भान सुटू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक जखम समाज करतो. पतीचे अंत्यसंस्कार होत असतानाच तिचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचे. आघाताच्या सर्वांत मोठ्या क्षणी दिलेला हा दुसरा आघात कित्येकींच्या झोपेत वर्षानुवर्षे परत येतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ज्या गावात भाताच्या लावणीला तिचे हात चालतात, त्या गावात नातवाच्या बारशाला तिचे औक्षण चालत नाही, हे मला कधीच समजलेले नाही. मुलांनी एवढे तरी करावे : घरच्या कार्यात आईला पुढे बोलवावे. भावकी दोन दिवस कुजबुजेल.

मुले बहुधा दुसरेच करतात. तेरावे होताच आईला किंवा वडिलांना पुण्याच्या फ्लॅटमध्ये घेऊन जातात. हेतू चांगला असतो. पण जोडीदारासोबत अंगण, गोठा, शेजारीण आणि देऊळही एकदमच सुटते. प्रकृती धोक्यात नसेल, तर पहिले वर्षभर घर बंद करण्याचा, जमीन विकण्याचा निर्णय घेऊ नये, असे माझे मत आहे. महिना-पंधरा दिवस जाऊन-येऊन राहावे. वारसनोंद, बँक, निवृत्तिवेतन यांची कामे मात्र लांबवू नका, आणि ती करताना त्यांना सोबत न्या. सही कशावर केली, हे त्यांना माहीत असले पाहिजे.

झोपेची गोळी मागायला पुष्कळजण येतात. मी ती क्वचित आणि थोड्याच दिवसांसाठी देतो, कारण रात्री लघवीला उठताना तोल गेला तर खुब्याचे हाड मोडते. त्याऐवजी दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, सकाळी उन्हात चाला, संध्याकाळचे जेवण कुणाबरोबर तरी घ्या. शेजारच्या घरी आठवड्यातून दोन दिवस पान मांडायला सांगणे यात लाज कसली? आजोबांनी मुगाची खिचडी शिकून घ्यावी. सत्तरीतही ती येते. गोळ्यांसाठी सकाळ-रात्रीचे खण असलेली डबी आणा. महिन्यातून एकदा एकाच काट्यावर वजन करा. ते सतत उतरत असेल तर दाखवायला या.

रडू येणे, राग येणे, मधूनच हसू येऊन त्याचाही अपराधी वाटणे, हे सारे स्वाभाविक आहे. पण सहा महिने उलटूनही अंघोळ-जेवण नकोसे असेल, दारूचे प्रमाण वाढत असेल, तर ते नुसते दुःख राहिलेले नाही. त्यावर उपचार आहेत. ‘आता जगून काय करायचे’ हे वाक्य कानावर आले, तर सहा महिने थांबू नका. विषय न बदलता सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. शेतीची कीटकनाशके त्याच दिवशी घरातून हलवा, माणसाला एकटे सोडू नका आणि १४४१६ या ‘टेली-मानस’च्या मोफत क्रमांकावर फोन करा. तेथे मराठीत बोलता येते.

वर्षश्राद्धाच्या सुमारास झोप पुन्हा उडते, रक्तदाब वाढतो. लग्नाच्या वाढदिवशी आणि दिवाळीतही तसेच होते. त्या तारखा कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा, आणि त्या आठवड्यात मुलांपैकी कुणीतरी मुक्कामाला या.