माठ, समुद्र आणि आष्ट्याचा पाऊस

एप्रिलच्या दुपारी शिवारातून घरी येऊन तुम्ही माठातले पाणी पिता. बाहेर अंगाची लाही होत असते, पण माठातले पाणी गार! कारण तुम्हांला ठाऊकच आहे. माठ पाझरतो, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. वारा असेल तर पाणी अधिकच गार होते.

असाच एक प्रचंड माठ आष्ट्याच्या पश्चिमेला, सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटरांवर आहे. तो म्हणजे अरबी समुद्र!

मार्च ते मे या महिन्यांत आकाश निरभ्र असते, वारे मंद असतात. समुद्र ऊन पितो आणि उष्णता साठवतो. पाण्याची उष्णता साठवण्याची ताकद मोठी आहे. समुद्राचा वरचा अवघा अडीच मीटरांचा थर एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत त्याच्यावरचे सारे वातावरण एक अंशाने तापेल. मे महिन्यात या समुद्राचा पृष्ठभाग ३० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतो.

जूनमध्ये नैऋत्य मोसमी वारे जोरात सुटतात आणि माठ पाझरू लागतो. बाष्पीभवन वाढते, ढग ऊन अडवतात, खालचे थंड पाणी वर येते. म्हणून ऐन जून-जुलैत, उत्तर गोलार्धातील इतर बहुतेक समुद्र तापत असताना, अरबी समुद्र दोन-तीन अंशांनी थंड होतो! त्याने गमावलेल्या उष्णतेचा मोठा भाग वाफेत अप्रकट रूपाने लपून वाऱ्याबरोबर निघतो. सह्याद्रीवर हवा वर चढते, वाफेचे पाणी होते आणि ती उष्णता हवेत मोकळी होते.

ती किती? चला, हिशेब करू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. त्यावर १ सेंटीमीटर पाऊस पडला, तर १००० लिटर पाणी पडले. एक किलोग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे एकूण २४० कोटी ज्यूल, अर्थात विजेची सुमारे ६७० युनिटे. तेवढ्या विजेवर उसाला पाणी देणारा पाच अश्वशक्तीचा पंप अहोरात्र सात दिवस चालेल. हे झाले एका गुंठ्याचे!

हा व्यवहार दरवर्षी सारखा नसतो. काही वर्षी प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा मध्य व पूर्व भाग नेहमीपेक्षा तापतो. याला ‘एल निन्यो’ म्हणतात. तेथे हवा वर चढते, तर आपल्याकडे ती खाली उतरू लागते आणि ढग बनणे अवघड होते. १९७२ साली एल निन्यो होता. त्या वर्षीच्या दुष्काळाविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मात्र १९९७ साली एल निन्यो प्रबळ असूनही देशात पाऊस जवळजवळ सरासरीइतका झाला. निसर्ग एकाच कारणावर चालत नाही.

याहून संथ बदलही चालू आहे. मानवाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंमुळे पृथ्वीवर अडकलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्रांनी पोटात घेतली आहे. पश्चिम हिंदी महासागराचे पावसाळी महिन्यांतील तापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंशांनी वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवून दिले.

मग समुद्र तापला की पाऊस वाढणारच का? तसे नाही. उष्ण हवेत वाफ अधिक मावते, म्हणून थोड्या वेळात मुसळधार पाऊस होण्याची शक्यता वाढते. पण मोसमी वारे जमीन समुद्रापेक्षा जास्त तापल्यामुळे वाहतात. समुद्रही तापला की हा फरक घटतो आणि वारे दुबळे होऊ शकतात. एकाच कारणाची ही दोन तोंडे! कृष्णा-वारणेचे २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण विसरणार नाही. त्यांचे सारे खापर समुद्रावर फोडता येणार नाही. पण पुढचा पूर किंवा दुष्काळ ओळखायचा, तर समुद्राचा ताप मोजत राहिलेच पाहिजे.

तुम्हीही सुरुवात करा. दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि दोन्ही वाऱ्यावर ठेवा. मे आणि जुलैमध्ये त्यांच्या तापमानांतील फरक वहीत लिहा. जुलैत तो का घटतो, हे आपल्या गुरुजींशी चर्चा करून ठरवा.