अभ्यासिकेतून कपाटाकडे

मे महिन्यात दुपारी इंदापुरात रस्त्यावर माणूस दिसत नाही, पण वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसायला खुर्ची मिळत नाही. पोलीस भरती, एमपीएससी, नीट. मान वर न करता मुलं वाचत असतात, भर दुपारी डबेही तिथेच उघडतात. मधल्या दारापलीकडे पुस्तकांची कपाटं आहेत आणि तिकडे फक्त पंखा फिरतो. बारामतीतही मी हेच पाहिलं. त्यामुळे वाचनालयं ओस पडली ही हळहळ मला पटत नाही. वाचनालयं भरलेली आहेत, ओस पडली आहेत ती कपाटं. आणि या दोन खोल्यांमधलं अंतर दहा पावलांचं आहे.

ही दहा पावलं पोरांना चालायला लावणं हेच उन्हाळ्यातलं खरं काम. इंदापूर तालुक्यातल्या एका छोट्या शासनमान्य वाचनालयात ते कसं चालतं हे पाहायला मी अधूनमधून जाऊन बसत होतो.

सुट्टीतला वाचन उपक्रम म्हणजे आपल्याकडे बहुधा पाचवीपर्यंतच्या मुलांचा कारभार असतो. गोष्ट ऐका, चित्र रंगवा, शेवटी प्रमाणपत्र आणि खाऊ. नववी-दहावीचं पोरगं धाकट्या भावाला सोडायला येतं आणि उंबऱ्यावरूनच परत फिरतं. बालविभागातल्या बुटक्या बाकांवर त्याचे गुडघे मावत नाहीत आणि मोठ्यांच्या विभागात त्याला कुणी विचारत नाही. खरं तर या वयाइतका मोकळा वेळ कुणाकडेच नसतो. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, अकरावी सुरू व्हायला पावसाळा उजाडतो. मधल्या काळात कुणी एमएस-सीआयटी करतो, कुणी भरतीच्या अकॅडमीत पळतो, कुणाला रात्रीची वीज आली की उसाला पाणी धरायला जावं लागतं. उरलेला वेळ मोबाइल खातो.

ग्रंथपाल मॅडमनी पहिल्यांदा एक रॅक रिकामा केला. तो कुणाचा हे ठरवलं आणि भरण्याचं काम त्याच वयाच्या पोरांवर सोपवलं. बंद कपाटांची कुलपं निघाली. ही कुलपं नुसत्या खडूसपणाची नसतात बरं का. मोजणीच्या वेळी पुस्तक सापडलं नाही की जाब ग्रंथपालालाच द्यावा लागतो. पोरांनी पुस्तकं काढली, फडक्याने झटकली, दाखल अंक नोंदवहीशी ताडून पाहिले, फाटकी वेगळी काढून खळ लावून चिकटवली. हे करताना पानं उलटली जाणारच. भरतीची तयारी करणारा एक जण पुस्तक चिकटवता चिकटवता अर्धा तास उभ्यानेच वाचत राहिला. मॅडमनी त्याला स्टूलही दिलं नाही. नंतर मला म्हणाल्या, "बस म्हटलं असतं तर लाजून ठेवून दिलं असतं त्यानं."

फर्माइश ठरलेली असते. "मॅडम, भुताचं हाय का?" मग नारायण धारप निघतात. फास्टर फेणे फुरसुंगीचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला, पण या वयाला तो लहान वाटतो. सत्यजित राय यांचा फेलूदा चालतो. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' शेतकऱ्यांच्या घरात बापापर्यंत पोचतं. व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' धनगरवस्तीवरच्या एका मुलाने नेलं आणि परत देताना तो पुस्तकातल्या मेंढरांबद्दल इतकं बोलला की काउंटरवरची रांग थांबली.

पेच पडला तो मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'वरून. नववीतल्या मुलाने सांगितलेली आणीबाणीच्या काळातली ही कादंबरी २००४ मध्ये आली, नंतर तिच्यावर सिनेमाही निघाला. नववीतल्यांना यापेक्षा जवळचं पुस्तक मराठीत शोधावं लागेल. पण कार्यकारी मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य रॅकसमोर थबकले. "हे पोरांना द्यायचं?" मॅडम म्हणाल्या, "काका, आधी तुम्ही घेऊन जा." काकांनी नेलं. चार दिवसांनी मुकाट्याने आणून त्याच रॅकवर ठेवलं.

नियम पोरांनीच केले. वीस पानांत रंगलं नाही तर पुस्तक परत, कारण विचारायचं नाही. सारांश लिहायचा नाही. मला विचाराल तर दुसरा नियम सोन्याचा. सुट्टीतल्या वाचनाला सारांशाच्या वहीइतकं दुसऱ्या कशानेच मारलेलं नाही. पुस्तक वाचलं की परीक्षा द्यावी लागते हे शाळेने शिकवलेलं असतंच, ते वाचनालयाने पुन्हा कशाला शिकवायचं?

स्पर्धा म्हणून एकच खेळ होता, तोही बारामतीच्या मातीतला. मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्याचा, पण बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीत आले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली, त्यात एक निरोष्ठ, म्हणजे ओठ जुळणारी प, फ, ब, भ, म ही अक्षरं टाळून केलेलं. आर्या शिकवायला गेलं असतं तर निम्मी पोरं पळाली असती. त्याऐवजी सांगितलं, ओठ न जुळवता एक मिनिट बोलून दाखवा. मम्मी, पप्पा, मोबाइल, परीक्षा, भूक सगळं बाद. हसून हसून खोली दणाणली आणि मग एका मुलीने आपणहून विचारलं, पंतांनी अख्खं रामायण कसं जमवलं असेल?

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. संध्याकाळी सहानंतर त्यांना घरून सोडत नाहीत आणि वाचनालय रंगात येतं तेव्हाच. म्हणून चार ते सहा देवघेवीचं काउंटर मुलींनीच चालवायचं असं ठरलं. 'काम आहे' म्हटल्यावर घरचेही अडवत नाहीत, 'वाचायला जाते' म्हटलं की अडवतात.

वाडी-वस्तीवरच्यांची अडचण तर कुणाच्या डोक्यातच नव्हती. एसटीचा विद्यार्थी पास शाळेपुरता असतो, सुट्टीत तालुक्याला यायचं तर तिकीट काढावं लागतं. यावर निघालेली तोड मला सगळ्यात आवडली. इंदापूर तालुक्यात दूध नाही असं गाव विरळा, आणि सुट्टीत दुधाची किटली घेऊन डेअरीवर जातं ते घरातलं हेच चौदा-पंधरा वर्षांचं पोर. पुस्तकांची एक पिशवी संकलन केंद्रावर ठेवली. दूध घालायचं, फॅट लागेपर्यंत पिशवी चाळायची, वहीत नाव लिहून पुस्तक न्यायचं. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल बोर्डन यांना बडोद्यात आणलं आणि पेट्यांतून गावोगाव पुस्तकं फिरवली, त्याचीच ही गरीब आवृत्ती. अमेरिकेतल्या वाचनालयांत सुट्टीतले वाचन उपक्रम १८९०च्या दशकापासून चालत आले आहेत, पण फॅटच्या मशिनशेजारी पुस्तकं ठेवण्याची कल्पना तिथे कुणाला सुचली असेलसं वाटत नाही.

जूनच्या मध्याला शाळा उघडतात. पुस्तकं परत करायची मुदत मात्र तारखेने सांगितली तर कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून 'तुकोबांची पालखी यायच्या आत' असं सांगतात. बारामती, बेलवाडीचं रिंगण, मग इंदापूर हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. तरी काही पुस्तकं येतच नाहीत. मॅडम त्यांची यादी रजिस्टरच्या मागच्या पानावर करतात आणि पुढच्या खरेदीच्या वेळी तीच मागवतात, दोन-दोन प्रती.