फायर स्टेशनचा अलार्म आणि संशोधकाचं घड्याळ

आगीची वर्दी आली, बंब निघाला, घटनास्थळी पोहोचला. या सगळ्याला लागलेला वेळ म्हणजे रिस्पॉन्स टाइम. संकल्पना किती सोपी वाटते ना? मलाही वाटली होती. पीएचडीच्या पहिल्या वर्षी सेमिनारसाठी मी विषय घेतला : अमेरिकेतल्या फायर स्टेशनमधली स्वयंचलित अलर्टिंग यंत्रणा. पहिल्याच स्लाइडवर सरांनी विचारलं, "तुझं घड्याळ सुरू कधी होतं?" मी गप्प. आजची पोस्ट त्याच प्रश्नावर आहे.

आधी वेळेचे तुकडे करा

रिस्पॉन्स टाइमचे ढोबळ तीन भाग पडतात. कंट्रोल रूमने फोन घेऊन स्टेशनला कळवेपर्यंतचा पहिला. स्टेशनमध्ये अलार्म वाजल्यापासून गाडीची चाकं हलेपर्यंतचा दुसरा, याला टर्नआउट टाइम म्हणतात. रस्त्यावरचा तिसरा. अमेरिकेतलं एनएफपीए १७१० हे मानक आगीच्या वर्दीसाठी टर्नआउटला ८० सेकंद देतं, वैद्यकीय मदतीच्या वर्दीसाठी ६० सेकंद आणि पहिल्या बंबाच्या प्रवासाला २४० सेकंद.

आता यंत्रणा काय करते ते बघू. जुन्या पद्धतीत डिस्पॅचर रेडिओवर स्वतः बोलून एकेका स्टेशनला कळवतो. नव्या पद्धतीत संगणक एकाच वेळी सगळ्या संबंधित स्टेशनांना सूचना पाठवतो, पत्ता यांत्रिक आवाजात वाचला जातो, स्क्रीनवर दिसतो. डिस्पॅचर तेवढ्यात फोनवरच्या माणसाशी बोलत राहू शकतो. म्हणजे फायदा पहिल्या भागात आणि थोडा दुसऱ्या भागात. ट्रॅफिक आहे तसंच राहतं.

खरी गोम इथे आहे

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. पत्ता पक्का झाला तो क्षण शून्य. जुन्या पद्धतीत रेडिओवरची घोषणा ४० व्या सेकंदाला संपली, गाडी ११० व्या सेकंदाला निघाली. टर्नआउट ७० सेकंद. नव्या पद्धतीत अलार्म ५ व्या सेकंदालाच वाजला, गाडी ८५ व्या सेकंदाला निघाली. टर्नआउट ८० सेकंद.

गाडी २५ सेकंद लवकर निघाली, पण तक्त्यात टर्नआउट १० सेकंदांनी वाढलेला दिसतो! कारण यंत्रणेबरोबर घड्याळ सुरू होण्याची जागाही बदलली. फक्त टर्नआउटचा कॉलम बघून कुणी "यंत्रणा फेल" असा निष्कर्ष काढला, तर चांगली गोष्ट बंद पडू शकते. आणि जवानांवर आळशीपणाचा ठपका बसेल तो वेगळाच.

शेवटच्या टोकाचंही तसंच. "निघालो" हे बटण जवान हाताने दाबत असेल, तर कुणी बसल्या बसल्या दाबतो, कुणी चौकात पोहोचल्यावर. तो आकडा वापरण्याआधी त्याची नोंद कशी होते हे विचारायलाच हवं.

सरासरी फसवते

दहा वर्द्या घ्या. आठ वेळा ६० सेकंद लागले, दोनदा १४०. सरासरी ७६, म्हणजे ८० च्या आत. सगळं छान? नाही. मानक म्हणतं, किमान ९० टक्के वर्द्यांमध्ये वेळ पाळली गेली पाहिजे. इथे ८० टक्क्यांतच पाळली गेली. ज्या दोन घरांना उशीर झाला, त्यांना तुमच्या सरासरीचा काय उपयोग?

फक्त सेकंदच मोजायचे का?

मध्यरात्री अचानक कर्कश घंटा वाजली की शरीरावर ताण येतो. म्हणून नव्या यंत्रणांमध्ये हळूहळू चढत जाणारा आवाज, मंद लाल दिवे आणि ज्यांची वर्दी आहे त्यांच्याच खोलीत अलार्म अशा सोयी असतात. केल्स आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास सांगतो की १९९४ ते २००४ मध्ये अमेरिकेत ड्युटीवर असताना हृदयविकाराने झालेल्या अग्निशमन जवानांच्या मृत्यूंपैकी १३.४ टक्के वर्दीला प्रतिसाद देताना झाले. पण सावध! या आकड्यावरून "घंटेमुळे मृत्यू" असं सिद्ध होत नाही. त्यात धावपळ, जड पोशाख, आधीचा आजार असं सगळंच मिसळलेलं आहे. तरी वेळेसोबत जवानाची झोप आणि हृदयगती मोजणं का गरजेचं आहे, हे त्यातून कळतं.

तुम्ही अभ्यास आखणार असाल तर

सगळ्या स्टेशनांत एकदम यंत्रणा बसवून आधीचं-नंतरचं वर्ष ताडून बघू नका. ऋतू, ट्रॅफिक, मनुष्यबळ सगळंच बदललेलं असतं. टप्प्याटप्प्याने बसवली, तर न बसवलेली स्टेशनं तुलनेला मिळतात. रात्र आणि दिवस वेगळे ठेवा. आणि दोन्ही काळांत न बदलणारा आरंभबिंदू निवडा, उदाहरणार्थ फोन उचलला तो क्षण.

तुमचा विषय आगीचा नसेलही. पण "आधी" आणि "नंतर" असे दोन कॉलम असतील, तर विश्लेषणाला बसण्याआधी वहीत एक ओळ लिहा : माझं घड्याळ कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं? मी ती ओळ आता प्रत्येक डेटासेटच्या पहिल्या पानावर लिहितो.