सिद्धेश्वरच्या कढईतला मासा

हिंगोलीच्या माणसाला तळलेला मासा खावासा वाटला की त्याला समुद्र आठवत नाही, सिद्धेश्वर आठवतं. आजूबाजूला ज्वारी, सोयाबीन, हळद आणि तुरीचा मुलूख. कोकण शेकडो कोस लांब. तरी इथल्या तीन पिढ्यांच्या जिभेवर माशाची चव बसली, आणि ती बसवली औंढा नागनाथ तालुक्यातल्या या धरणानं. धरणाच्या वाटेवर पत्र्याच्या आडोशाला बसून कढईतून काढलेला मासा आमच्या पिढीनं मनापासून खाल्ला. त्या माशाचा मागोवा घ्यायचा तर धरणापासूनच सुरुवात करावी लागते, कारण पाणी बदललं तसतसा ताटातला मासाही बदलत गेला.

धरण नव्हतं तेव्हाही पूर्णेत मासा होताच. अजिंठ्याच्या डोंगरातून निघून बुलढाणा, जालना ओलांडत ही नदी आमच्याकडे येते आणि पुढे परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. विदर्भातून तापीला जाणारी पूर्णा वेगळी. आमची पूर्णा उन्हाळ्यात आटायची, जागोजागी डोह तेवढे राहायचे, आणि मासा त्या डोहांत गोळा व्हायचा. मरळ, वाम, शिंगटी, झिंगे हा त्या काळचा माल. भोई समाजाची माणसं तो धरायची, टोपल्यात भरून ओलं फडकं टाकून आठवडी बाजारात आणायची. घरी त्याचं कालवण व्हायचं. पाव-अर्धा किलो मासा, भरपूर रस्सा आणि त्यात कुस्करलेली भाकरी, एवढ्यात सारं घर जेवायचं. तळायचा म्हटलं तर तेल लागतं, आणि करडईचं तेल तेव्हा घाण्यावरून मोजून आणलं जायचं. जुन्या बायका मासा तळायच्या त्या तव्यावर, तेलाचा हात फिरवून. कढईभर तेलात मासा सोडणं ही चैन होती.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पूर्णा प्रकल्पाचं काम सुरू झालं. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं होतं, १९६० साली मराठवाडा नव्या महाराष्ट्रात आला, आणि १९६८ साली पूर्णेवरची दोन धरणं पूर्ण झाली. वरचं जिंतूर तालुक्यातलं येलदरी, खालचं सिद्धेश्वर. येलदरीचं पोट मोठं, ९३४ दशलक्ष घनमीटरचं. तिथं वीज होते. वीजघरातून निघालेलं पाणी सिद्धेश्वरात येतं आणि तिथून कालव्यांनी वसमत, पूर्णा, नांदेडकडच्या शेतांत जातं. सिद्धेश्वराची भिंत सहा किलोमीटरहून लांब, दरवाजे चौदा.

माशाच्या दृष्टीनं महत्त्वाचा आकडा मात्र दुसराच आहे. सिद्धेश्वराचा एकूण साठा सुमारे २५१ दशलक्ष घनमीटर, आणि त्यातला वापरायचा, म्हणजे जिवंत साठा जेमतेम ८१. बाकी सगळा मृतसाठा. कालव्याच्या तोंडाखाली राहणारं हे पाणी शेतकऱ्याच्या हिशेबात शून्य. पेपरात ‘सिद्धेश्वर शून्य टक्क्यांवर’ असा मथळा येतो, तेव्हाही खाली खोल पाणी उभं असतं आणि त्यात मासा जगलेला असतो. मराठवाड्यातल्या कितीतरी तलावांचं उन्हाळ्यात मैदान होतं आणि पुढच्या वर्षी तिथं मासळी पुन्हा शून्यापासून धरावी लागते. सिद्धेश्वराला हे खोल पाणी लाभलं म्हणून इथं मोठा मासा मिळत राहिला.

धरणाचं पाणी साठलं, पण त्यात सोडायचा मासा कुठून आणायचा? कटला, रोहू, मृगल हे मूळचे उत्तरेच्या मोठ्या नद्यांतले. पुरात, वाहत्या पाण्यात अंडी घालणारे. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा वीण करत नाहीत. त्यामुळे त्यांचं बीज बंगालकडच्या नद्यांतून गोळा करून रेल्वेनं देशभर पाठवावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच पियूष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांकडून वीण करून घेतली. ती तारीख आज देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्या प्रयोगानंतर बीज केंद्रात तयार करता येऊ लागलं. आधी जिरे, मग बीज, मग बोटुकली, आणि बोटुकली झाली की धरणात. पूर्णेवरची धरणं भरली ती नेमक्या या शोधानंतर. सिद्धेश्वरच्या कढईत तळला जाणारा रोहू हा एका शास्त्रज्ञाच्या कामाचं फळ आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आमच्या जिल्ह्यात त्या माणसाचं नाव क्वचितच कुणी घेतं.

कटला-रोहू आले तसा मासा मोठा झाला. दोन-तीन किलोचा, मांसल. असा मासा एका घराला एका वेळी संपत नाही. त्याचे तुकडे पाडून तो विकता येतो, तुकडा तळून प्लेटीनं विकता येतो. धरणावर टपऱ्या उभ्या राहिल्या त्या यातून. सहली निघायच्या, पावसाळ्यात दरवाजे उघडले की माणसं पाणी बघायला यायची, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आलेली मंडळीही इकडे वळायची. पाणी बघून झालं की भूक लागते, आणि समोर कढई पेटलेली असते.

त्या टपऱ्यांपैकी एका टपरीवर माझा जीव जडला. पाटी नव्हती, नाव नव्हतं. चार बांबू, वर पत्रे, मातीची चूल, नंतर कधीतरी भट्टी. चालवणाऱ्या मावशी सकाळच्या जाळ्यातला मासा स्वतः निवडून घ्यायच्या. कल्ला उचलून आत लाल आहे का बघायच्या, बोटानं दाबून मांस परत वर येतं का बघायच्या. मऊ पडलेला मासा कितीही स्वस्त मिळो, घ्यायच्या नाहीत. दुपारी गेलं आणि माल संपलेला असला की “उद्या या, बाबा” एवढंच उत्तर.

गोड्या पाण्यातल्या माशात बारीक, दुफाटे काटे मांसातच असतात. पापलेट-सुरमईला सरावलेली माणसं रोहूला घाबरतात ती यामुळे. मावशींचा त्यावरचा उपाय मी नीट बघून ठेवला आहे. तुकड्याच्या पाठीकडच्या भागाला त्या अगदी जवळजवळ, काटा कापला जाईल इतक्या खोल चिरा द्यायच्या. चिरांमध्ये मीठ, हळद, लाल तिखट, ठेचलेलं लसूण-आलं आणि लिंबाचा रस चोळून मासा तासभर ठेवायचा. तळताना वरून ज्वारीच्या पिठाचा आणि थोड्या बेसनाचा हात. कडकडीत तेलात पहिल्यांदा तळून बाहेर काढायचा, गिऱ्हाईक बसलं की दुसऱ्यांदा सोडायचा. दुसऱ्या तळणीत ते चिरलेले काटे कुरकुरीत होऊन चावता यायचे. घाई केली की आवाज यायचा, “तेल तापायलंय, बसा जरा.” थंड तेलात सोडलेला मासा तेल पितो, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

हळद वसमतची. याच धरणाच्या कालव्यावर पिकणारी, जिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे मासा धरणाचा आणि त्याच्या अंगावरची हळदही धरणाच्याच पाण्याची. सोबत कांदा, लिंबू, ज्वारीची भाकरी आणि बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या. काचऱ्यांची कढई निराळी. कारण येणाऱ्यांत माळकरी असायचे.

इंग्लंडमध्ये मासा आणि बटाट्याच्या काचऱ्यांची दुकानं आहेत, तीही अशीच उभी राहिली. १८६० च्या सुमारास लंडनच्या पूर्व भागात जोसेफ मॅलिन यानं की उत्तरेकडच्या मॉस्ली गावात जॉन लीस यानं पहिलं दुकान टाकलं, यावर तिकडे अजून वाद चालतो. पण कारणं सरळ आहेत. वाफेवरच्या मासेमारी बोटी आणि आगगाडी आली, समुद्राचा मासा गिरणीच्या गावात ताजा पोचू लागला, आणि दिवसभर राबलेल्या कामगाराला गरम, पोटभर, परवडणारं जेवण मिळालं. दुसऱ्या महायुद्धात तिथं बहुतेक खाण्यावर रेशन होतं, या खाण्यावर नव्हतं. पिठात घोळून मासा तळायची रीत इंग्लंडात नेली ती पोर्तुगाल-स्पेनमधून परागंदा झालेल्या ज्यूंनी. आपल्याकडे मिरची आणि बटाटा आणला तोही पोर्तुगीजांनी. तिकडे काम आगगाडीनं केलं, इकडे धरणानं. यंत्र आणि बांधकाम यांमुळे गरिबाच्या ताटात एक नवा पदार्थ येतो, हे दोन्हीकडे सारखंच घडलं.

तेलाची हकीकत स्वतंत्र सांगण्यासारखी आहे. मराठवाडा हा करडईचा प्रदेश. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईचे वाण दिले. आधीच्या तळणीला त्या तेलाचा वास होता. नव्वदच्या दशकात शेतांत सोयाबीन पसरलं, करडई बांधावरूनही हटली, घाणे बंद पडले, आणि कढईत सोयाबीनचं, सरकीचं, पुढे पामतेल आलं. पापुद्रा तसाच कुरकुरीत होतो, पण ती जुनी चव गेली. ही हळहळ केवळ वयाची आहे असं मला वाटत नाही. एकदा घरी मुद्दाम करडईच्या घाण्याच्या तेलात रोहू तळून पाहिला. फरक जिभेला लगेच कळतो.

बाकीचंही बदललं. पळसाच्या पत्रावळीचा द्रोण गेला, वर्तमानपत्राचा तुकडा आला, मग थर्माकोलची प्लेट. २०१८ मध्ये राज्यानं थर्माकोलवर बंदी घातली आणि स्टीलची ताटली आली. ताटलीला माझी हरकत नाही. पण पळसाच्या पानावर गरम मासा ठेवला की पानाचा एक मंद वास त्याला लागतो.

हा मुलूख संत नामदेवांचा. नर्सी इथून जवळच. घरात आजोबांच्या गळ्यात माळ आणि नातवाला मासा प्रिय, अशी घरं गावोगाव आहेत. त्यामुळे मासा घरी न नेता धरणावरच खाऊन यायचा, हात लिंबानं धुवायचे आणि मग उंबरठा ओलांडायचा, हा रिवाज पडला. आजोबांना ठाऊक असायचं, नातवालाही ठाऊक असायचं की त्यांना ठाऊक आहे. कुणी कुणाचा मान मोडला नाही. आषाढ अमावस्येला टपऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसायची आणि श्रावण लागला की कढया पालथ्या. मृग निघाला की मासा खावा, ही समजूतही इकडे आहे. ती तेलंगणाकडून आली असावी. हैदराबादेत त्या दिवशी दम्यासाठी जिवंत मरळीचं औषध घ्यायला जाणारी माणसं मी आमच्या भागातून निघालेली पाहिली आहेत. औषधाचा गुण डॉक्टरांनी सिद्ध झालेला मानलेला नाही. मरळीला मात्र त्या दिवसांत भाव चढतो.

दुष्काळाची वर्षं या मागोव्यात टाळता येत नाहीत. वरच्या अंगाला बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण झालं आणि येलदरीत येणारं पाणी आधी तिथं अडू लागलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या काळात येलदरी-सिद्धेश्वरही खाली गेली. पाणी आकसलं की सुरुवातीला मासा भरपूर सापडतो, कारण त्याला लपायला जागा नसते. भाव पडतो, टपऱ्यांवर गर्दी होते. पण ती सुगी बियाण्यावर हात टाकून केलेली असते. पुढची दोन वर्षं बारीक माशावर काढावी लागतात. २०१९ च्या परतीच्या पावसात खडकपूर्णा भरून वाहिलं, पाठोपाठ येलदरी भरलं, आणि वर्षानुवर्षं बंद राहिलेले दरवाजे उघडले. लोक गाड्या करून पाणी बघायला गेले. काही महिन्यांतच, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि धरणावरच्या चुली विझल्या. टाळेबंदी उठल्यावर काही पुन्हा पेटल्या, काही नाही. माझ्या मावशींची टपरी त्या दुसऱ्या यादीत गेली.

आज तिथल्या वाटेवर रंगीत पाट्यांची, खुर्च्या-टेबलांची हॉटेलं आहेत. मासा मिळतो, चांगलाही मिळतो. पण आता ताटलीत चिलापी जास्त असते. चिलापी न सोडता येते, साचलेल्या पाण्यात भराभर वाढते, काटा कमी, त्यामुळे शहरी गिऱ्हाइकाला सोयीची. उजनीच्या पाण्यावर भिगवणला तिनंच नाव मिळवलं. माझी तक्रार चिलापीच्या चवीबद्दल नाही. ती पसरली की देशी माशाची जागा जाते, आणि मग मरळ, वाम, शिंगटी फक्त जुन्या माणसांच्या बोलण्यात उरतात, याची मला काळजी आहे.

यातला कळीचा माणूस म्हणजे जाळं टाकणारा. ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पहाटे फासजाळं काढणारा भोई. सहकारी संस्था, तलावाचा ठेका, बोटुकलीची खरेदी, आता २०२० पासूनची मत्स्यसंपदा योजना आणि पिंजऱ्यातली मत्स्यशेती, या साऱ्यांत त्याचा वाटा किती राहतो त्यावर पुढचा मासा ठरणार आहे. ज्याला पुढच्या वर्षीही याच पाण्यावर जगायचं आहे तो बारीक मासा परत सोडतो. वर्षभराचा ठेका घेऊन आलेल्याला तेवढा धीर धरवत नाही. म्हणून बोटुकली दरवर्षी मोजून, चांगल्या आकाराची सोडली जावी, पावसाळ्याच्या तोंडावर विणीच्या दिवसांत जाळं थांबावं, आणि धरणकाठच्या संस्थांनाच पाण्याचा पहिला हक्क असावा, असं मी जिथं संधी मिळेल तिथं बोलतो.

कुणाला जायचं असेल तर पावसाळा सरल्यावर, कार्तिकाच्या सुमारास जावं. पाणी निवळलेलं असतं, मासा भरलेला असतो. सकाळी अकराच्या आत पोचावं, कल्ला स्वतः उघडून बघावा, रोहू असेल तर पोटाकडचा तुकडा मागावा, आणि खोल चिरा देऊन दोनदा तळून द्यायला सांगावं.