डेस्कटॉपसाठी हायब्रिड हार्ड डिस्क घ्यावी का?

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होत आले की सगळ्यांची नजर थँक्सगिव्हिंगनंतरच्या सेलकडे लागते. त्याबरोबर तुमचे प्रश्नही येऊ लागतात. एक ठरलेला प्रश्न असा: घरातला डेस्कटॉप सहा-सात वर्षांचा झालाय, सुरू होईपर्यंत चहा उकळून होतो. नवीन घेण्याऐवजी त्यात हायब्रिड हार्ड डिस्क टाकली तर चालेल का?

चालेल. पण पैसे देण्याआधी आपण नेमकं काय विकत घेतोय ते समजून घेऊ.

साध्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरत असते, मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती वाचायला आतला हात योग्य जागी सरकतो आणि तबकडीचा तो भाग खाली येईपर्यंत थांबतो. अशा एका शोधाला साधारण १२-१३ मिलिसेकंद लागतात. ऐकायला हे काहीच नाही, पण विंडोज सुरू होताना असे हजारो शोध घ्यावे लागतात. तुमचा चहा तिथे उकळतो. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतंच, त्यामुळे तोच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात किंवा त्याहून कमी वेळात होतो.

हायब्रिड म्हणजे या दोघांचं एका पेटीतलं लग्न. सीगेटने २०१० मध्ये लॅपटॉपसाठी अशी डिस्क काढली, तिच्यात ४ जीबी फ्लॅश मेमरी होती. २०१३ मध्ये डेस्कटॉपसाठी आली, तिच्यात ८ जीबी. डिस्क १ टीबीची असो वा २ टीबीची, फ्लॅश तेवढीच, ८ जीबी.

आपल्या स्वयंपाकघराचं उदाहरण घ्या. ओट्यावर मिसळणाचा डबा असतो: हळद, तिखट, मोहरी, जिरं. बाकीचं वर्षाचं सामान गराजमध्ये. रोजच्या फोडणीला गराजमध्ये जावं लागत नाही, म्हणून स्वयंपाक भराभर होतो. हायब्रिडमधली फ्लॅश हा तो मिसळणाचा डबा. त्यात काय भरायचं हे तुम्ही ठरवत नाही. तुम्ही रोज काय वापरता ते पाहून डिस्क स्वतः ठरवते.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, नवी डिस्क लावल्या दिवशी फरक जाणवणार नाही. चार-पाच वेळा मशीन सुरू-बंद झाल्यावर तिला सवय कळते आणि मग वेग येतो. म्हणून पहिल्याच संध्याकाळी परत करायला धावू नका. दुसरी, रोजचं विंडोज, ब्राउझर, ईमेल यांना चांगला फायदा होतो. लग्नाचा ४० जीबीचा व्हिडिओ कॉपी करायला मात्र साध्या डिस्कइतकाच वेळ लागेल. तो डब्यात मावतच नाही. तिसरी, घरातले चार जण चार वेगळ्या गोष्टी करत असतील, त्यात मुलांचे मोठे गेम असतील, तर डबा सारखा उपसला आणि भरला जाईल. फायदा कमी होईल.

आता हिशोब. २०१५ मध्ये इथे अमेरिकेत १ टीबीची साधी डिस्क पन्नास-साठ डॉलरला मिळत होती, तेवढ्याच आकाराची हायब्रिड ऐंशीच्या आसपास. २५० जीबीची एसएसडी शंभराच्या आत आली होती, पण १ टीबीची एसएसडी तेव्हा तीनशेच्या वर होती. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी हायब्रिडचं पारडं जड होतं, कारण एसएसडी परवडत नव्हती. २५० जीबीने चित्र बदललं.

बहुतेक डेस्कटॉपमध्ये दुसरी डिस्क बसवायला जागा असते. तेव्हा एसएसडीवर विंडोज आणि प्रोग्रॅम ठेवा, फोटो-व्हिडिओ दुसऱ्या मोठ्या डिस्कवर. ८ जीबीच्या डब्याऐवजी २५० जीबीचं कपाट मिळतं, आणि वेग पहिल्या दिवसापासून. सोबत एक ब्रॅकेट आणि साटा केबल लागेल, किरकोळ खर्च आहे. ज्यांना सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह सांभाळायला जमतं, त्यांना मी हेच सुचवेन.

मग हायब्रिड कोणासाठी? ज्यांच्या मशीनमध्ये एकाच डिस्कची जागा आहे त्यांच्यासाठी. आणि ‘कुठली फाइल कुठे ठेवायची’ हा विचारच नको असलेल्यांसाठी. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना सगळं एकाच ठिकाणी दिसलेलं बरं.

घ्यायचीच तर खोक्यावर तीन गोष्टी बघा. आकार: डेस्कटॉपला साडेतीन इंची. अडीच इंची लॅपटॉपची असते आणि बहुधा ५४०० फेऱ्यांची, म्हणजे संथ. दुसरं, ‘६४ एमबी कॅश’ वाचून फसू नका. तशी छोटी कॅश साध्या डिस्कवरही असते. खोक्यावर ‘एसएसएचडी’ लिहिलेलं हवं. तिसरं, फ्लॅश किती जीबी ते विचारा. अ‍ॅपलने २०१२ मध्ये फ्युजन ड्राइव्ह काढला तेव्हा त्यात १२८ जीबी फ्लॅश होती. २०१५ मध्ये आलेल्या आयमॅकच्या १ टीबी फ्युजनमध्ये ती फक्त २४ जीबी होती. नाव तेच, आतला माल वेगळा.

आणखी एक. खरेदीआधी टास्क मॅनेजर उघडून मेमरी किती भरलेली आहे ते बघा. सगळं बंद असतानाही ती ऐंशी-नव्वद टक्के भरलेली असेल, तर आधी रॅम वाढवा. स्वस्तात काम होईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या जुन्या डेस्कटॉपमध्ये काय आहे ते एकदा आठवा. फोनमध्ये नसलेले फोटो तिथे असतात: दहा वर्षांपूर्वीची भारतवारी, मुलांचं बारसं, आजी ओवी म्हणतानाचा व्हिडिओ. ती आजी आता नसते. डिस्क पुन्हा मिळते, हे मिळत नाही.

हायब्रिडमधली फ्लॅश म्हणजे तुमची दुसरी प्रत, असा गैरसमज करून घेऊ नका. पेटी एक, ती बिघडली की दोन्ही गेलं. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी एका बाहेरच्या डिस्कवर सगळं उतरवा. उतरलं असं समजू नका, दहा-बारा फाइल उघडून बघा. जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन सारखं चालू-बंद करू नका, प्रत आधी घ्या. नवी डिस्क बसल्यावरही जुनी महिनाभर तशीच ठेवा, पुसू नका. आणि पुढच्या भारतवारीत बॅगेत एक प्रत घेऊन जा, भावाकडे किंवा बहिणीकडे कपाटात राहू द्या. एका घरात पाणी शिरलं तरी दुसऱ्या घरातलं शाबूत राहतं.

थोडक्यात, दोन डिस्कची जागा असेल तर छोटी एसएसडी आणि मोठी साधी डिस्क. एकाचीच असेल तर हायब्रिड. आणि काहीही घेतलंत तरी सेलच्या यादीत सगळ्यात वर बाहेरची डिस्क लिहा.