कच्ची वही

पोर्टफोलिओ हातात आला की मी आधी शेवटची पानं उघडते. सुरुवातीच्या पानांवर सगळ्यांचंच काम देखणं असतं: गुळगुळीत पोस्टर, लोगोची मालिका, कॉफीच्या कपावर छापलेला तोच लोगो. शेवटी पानं कमी पडतात म्हणून काहीबाही घातलेलं असतं. कधी मोबाइलवर काढलेला फोटो, कधी आजीचं पेन्सिलीने काढलेलं चित्र, कधी सोसायटीच्या गणपतीच्या मखराचा आराखडा. अर्ज करणारा माणूस मला बहुतेक वेळा तिथे भेटतो.

एका जाहिरात कंपनीच्या स्टुडिओत माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे डोंबिवलीत आमच्या भागातली मुलं दिवाळीच्या सुमारास फायली घेऊन येतात, 'काकू, जरा बघता का?' म्हणतात. दिवाळीच्या सुमारास यायचं कारण म्हणजे तेव्हाच 'सीड'चे अर्ज भरायचे असतात. एम.डेस. म्हणजे डिझाइनमधल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठीची ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. तिचे गुण मुंबईसह दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद, कानपूर, रुरकी इथल्या आयआयटींत आणि बंगळुरूच्या आयआयएससीतही चालतात. बी.कॉम. झालेली मुलगी बसू शकते, मेकॅनिकल इंजिनिअर बसू शकतो. वयाची अट नाही, कितीही वेळा बसा. गुण मात्र एकाच वर्षापुरते धरले जातात. मुलींना शुल्क निम्मं असतं, हे पुष्कळ घरांत माहीतच नसतं, म्हणून मी ते आधी सांगते.

परीक्षा जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी असते. पहिला तास संगणकावरचे प्रश्न. पुढचे दोन तास पडद्यावर प्रश्न दिसतात आणि उत्तरं हाताने, कागदावर, आपल्या पेन्सिली-रंगांनी काढायची. अंतिम गुणांत पहिल्या भागाला २५ टक्के आणि दुसऱ्याला ७५ टक्के वजन आहे. पण पहिल्या भागात जे मागे राहतात, त्यांचा दुसरा भाग तपासलाच जात नाही. एवढं होऊन चांगला नंबर लागला तरी प्रवेश झाला असं नव्हे. प्रत्येक संस्थेकडे वेगळा अर्ज करायचा आणि मग पोर्टफोलिओ आणि मुलाखत. 'नंबर आलाय ना, मग अजून काय दाखवायचंय?' असं एका मुलाच्या बाबांनी मला विचारलं होतं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशांची सवय असलेल्या घराला हा प्रश्न पडणारच.

माझ्या मते खरी अडचण याच वळणावर येते, आणि ती चित्रकलेची नसते. आपल्या शाळांत दोन वह्या असतात, एक कच्ची आणि एक पक्की. कच्च्या वहीत खाडाखोड करायची, चुकायचं, समासात काहीतरी गिरवायचं. मग सुवाच्य अक्षरात पक्की वही करायची, तिला खाकी कव्हर घालायचं आणि तीच तपासायला द्यायची. कच्ची वही जूनच्या आत रद्दीत जाते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांतही हेच. स्मरणचित्रातला बाजार पाठ केलेला, केळीवाली ठरलेल्या कोपऱ्यात बसलेली. या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या लाखो मुलांच्या हातात ब्रश दिला, त्यांचं ऋण मोठं आहे. पण एम.डेस.ची निवड करणाऱ्यांना नेमकी कच्ची वही हवी असते. तुम्ही काय पाहिलंत, आधी काय वाटलं, कुठे अडलात, काय टाकून दिलंत, हे त्यांना बघायचं असतं. आणि आमच्याकडची मुलं ती वही विकून आलेली असतात.

मागच्या एका हंगामात आलेल्या मुलीची गोष्ट सांगते. डोंबिवलीतच वाढलेली, कॉमर्सची पदवीधर, नोकरी ठाण्याला. तिला कम्युनिकेशन डिझाइनला जायचं होतं. तिच्या फायलीत एक प्रकल्प होता, लोकलच्या वेळा सांगणारं अॅप. आठ पडदे, सुंदर रंग. असं अॅप मी इतक्या फायलींत पाहिलंय की मी सरळ विचारलं, 'हातात डबा, खांद्यावर पर्स, जिन्यावरून धावतेयस. तेव्हा फोन काढतेस का?'

'नाही. इंडिकेटर बघते.'

'त्यात काय बघतेस?'

ती थांबली. मग बोलायला लागली ती अर्धा तास बोलत होती. इंडिकेटरवर आधी अक्षर दिसतं, मग वेळ, मग फास्ट की स्लो, मग गाडी १२ डब्यांची की १५. कर्जतच्या गाडीला 'एस', कसाऱ्याच्या गाडीला 'एन'. कल्याणला फाटा फुटतो, एक मार्ग आग्नेयेला कर्जतकडे आणि एक ईशान्येला कसाऱ्याकडे, त्या इंग्रजी दिशांची ही अक्षरं. आम्हा डोंबिवलीकरांना दोन्ही सारख्याच, कारण आम्ही फाट्याच्या आधीच उतरतो. पण टिटवाळ्याच्या गणपतीला पहिल्यांदा निघालेल्या माणसाने 'एस' पकडली, तर कल्याण सुटल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपण बदलापूरला चाललोय. तिने एका बाईंना असं उतरवून परत पाठवलं होतं. त्या बाई इंडिकेटरखालीच उभ्या होत्या, वर बघत होत्या, आणि त्यांना त्यातलं काही कळलेलं नव्हतं.

हे सगळं तिच्या फायलीत कुठेच नव्हतं. होतं ते नोकरीच्या डायरीत, मागच्या पानांवर. मान वर केलेल्या माणसांची भराभर काढलेली चित्रं, गाडीच्या हिसक्याने वाकडी झालेली. अॅपसाठी 'रिसर्च' म्हणून काढली आणि विसरली.

तिथून तिने काम पुन्हा सुरू केलं. ठाण्याच्या फलाटावर संध्याकाळी थांबून लोकांची नजर कुठे जाते ते टिपलं. रोजचा प्रवासी अक्षर बघतो आणि हलतो. नवखा माणूस नाव शोधतो, नाव येईस्तोवर दुसऱ्या भाषेचा नंबर लागलेला असतो, मग तो शेजारच्याला विचारतो. तिचा उपाय छोटा होता. कल्याणपुढे जाणाऱ्या गाडीचं नाव देवनागरीत मोठं, एका जागी स्थिर ठेवायचं, आणि दोन मार्गांना दोन रंग द्यायचे.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. ठिपक्यांच्या दिव्यांवर हे नाव कसं दिसेल म्हणून तिने आलेख-कागद घेतला आणि सोळा चौकोनांच्या उंचीत एकेक स्टेशन भरायला बसली. 'कसारा' सुरेख बसलं, कारण शिरोरेषेच्या वर काही नाही, खाली काही नाही. 'आसनगाव'ही तसंच. 'टिटवाळा'च्या वेलांटीला वर जागा लागली, म्हणून बाकीची अक्षरं बुटकी झाली. 'बदलापूर'चा ऊकार खाली लोंबला. 'खोपोली'त दोन मात्रा आणि वेलांटी, वरची जागा सगळी गजबजलेली. आणि 'कर्जत'चा रफार तीन ठिपक्यांत मावेना, दुरून तो शिरोरेषेवर बसलेला डाग वाटायचा. रोमन अक्षरांना या उंचीची चणचण नसते. देवनागरीला वरचा मजला, मधला मजला आणि तळघर असं तिन्ही लागतं, हे तिला कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं, चौकोन रंगवताना कळलं.

मग पुठ्ठ्यावर हे नमुने चिकटवून सोसायटीच्या आवारात परीक्षा झाली. वॉचमनकाका, कट्ट्यावरच्या आज्या, शाळेतून आलेली पोरं, सगळ्यांना पंधरा पावलांवरून वाचायला लावलं. कोण कुठे अडखळलं ते तिने त्याच डायरीत लिहिलं. एका आजींनी 'कर्जत'ला 'काजत' वाचलं. ती नोंद पुसू नकोस, असं मी तिला बजावलं.

पवईच्या आयआयटी मुंबईत आयडीसी नावाचा डिझाइनचा विभाग आहे. आर. के. जोशी तिथे शिकवायचे. संगणकावर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी वापरलेला 'मंगल' हा फॉन्ट त्यांचा. २०१० साली स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह डी. उदयकुमार यांनी केलं, तेव्हा ते आयडीसीतच पीएच.डी. करत होते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी होते, जे.जे.त शिकून जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत जाऊन आलेले. ही नावं मी मुलांना सांगते ती दडपण यावं म्हणून नाही. आपल्या लिपीचा, आपल्या फलाटाचा प्रश्न तिथे कमी दर्जाचा मानला जात नाही, हे त्यांना कळायला हवं. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे जमणारी गर्दी, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतले चित्ररथ, घरी केलेला आकाशकंदील, हे दाखवायला मुलं लाजतात आणि पॅरिसच्या कॅफेचा काल्पनिक मेन्यू मात्र दाखवतात. याचं मला वाईट वाटतं.

कल्याणच्या एका मुलाचं असंच. मेकॅनिकल इंजिनिअर, डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी, इंडस्ट्रियल डिझाइनसाठी अर्ज. फाइलभर संगणकावर केलेल्या चकचकीत मोटारसायकली. बोलता बोलता कळलं की ड्रिलिंग मशीनवरच्या कामगाराला दिवसभर वाकावं लागायचं म्हणून याने भंगारातल्या अँगलचा एक स्टँड करून दिला होता. 'हे काय दाखवायचं काकू, वेल्डिंग पण नीट नाहीये.' पहिला स्टँड उंच झाला, दुसरा डुगडुगला, तिसरा अजून वापरात आहे. पहिल्या दोन्हींचे फोटोसुद्धा नव्हते. ते दोन्ही स्टँड त्याला आठवून कागदावर काढायला लावले.

अर्जासोबत 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' लागतं तिथे गाडी हमखास अडते. परदेशी अर्ज करणाऱ्यांचं तर सगळं त्याच्यावरच. लहानपणापासून मला रंगांची ओढ होती, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत येतं. मी कागद बाजूला ठेवायला सांगते आणि मराठीत बोलायला लावते. मराठीत बोलताना त्या बाई येतात, 'काजत' येतं, अँगलचा स्टँड येतो. इंग्रजीत गेल्यावर तेच सगळं गळून 'यूजर' आणि 'पॅशन' उरतं. म्हणून आधी मराठीत बोललेलं फोनवर रेकॉर्ड करायचं, ऐकत लिहून काढायचं आणि मगच इंग्रजीत न्यायचं. वेळ जातो, पण मजकूर त्यांचा राहतो.

घरच्यांचा प्रश्न वेगळा असतो. हे शिकून पुढे काय? मी त्यांना सांगते की १९९८ साली ब्रिटिश सरकारने 'क्रिएटिव्ह इंडस्ट्रीज' या नावाखाली तेरा क्षेत्रांची यादी केली. जाहिरात, वास्तुकला, हस्तकला, डिझाइन, चित्रपट, संगीत, रंगभूमी, प्रकाशन, सॉफ्टवेअर, रेडिओ-टीव्ही अशी ती यादी. त्यातल्या बहुतेक क्षेत्रांत काम करणारं कुणी ना कुणी आपल्या ठाणे-डोंबिवलीत राहतं. नेपथ्य करणारे, संकलक, पुस्तकांची मुखपृष्ठं करणारे, अॅनिमेशन करणारी मुलं. ती रात्री उशिराच्या गाडीने घरी येतात, इतकंच. त्यांच्यापैकी एखाद्याशी बोला, मी पगाराचं काही सांगणार नाही. बोलून आलेल्या पालकांचा सूर बराच बदललेला असतो.

मुलाखतीच्या दिवशी ती मुलगी पवईला गेली. डोंबिवलीहून फास्टने ठाणे, तिथून स्लोने कांजूरमार्ग. ए-थ्री आकाराची फाइल सकाळच्या लेडीज डब्यात नेणं हे एक वेगळंच काम आहे. रॅकवर ठेवली तर वर पिशव्या पडतात, हातात धरली तर कडा दुमडतात. खिडकीशी मेथी निवडत बसलेल्या बाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि फाइल मांडीवर घेतली, ठाण्यापर्यंत.

मुलाखतीत आलेख-कागदाच्या पानावर चर्चा लांबली, असं तिने संध्याकाळी सांगितलं. एका परीक्षकांनी विचारलं की रफाराला जागा नसेल तर अर्धा र पाय मोडून ओळीतच का लिहिला नाही. ते तिने करून पाहिलं होतं. डायरी उघडून दाखवलं: 'कर्‌जत' असं सुटं लिहिल्यावर वॉचमनकाकांनी आधी 'कर' वाचलं, थांबले, मग 'जत'. पोरांना काही अडचण आली नाही. मग परीक्षकांनी विचारलं, किती जणांवर पाहिलंस? तिने खरा आकडा सांगितला. कमी आहे, म्हणाले. ती म्हणाली, हो, कमी आहे.

पवईला तिचं नाव प्रतीक्षा यादीत राहिलं, गुवाहाटीला प्रवेश मिळाला. घरी दोन दिवस एवढ्या लांब पाठवायचं की नाही यावर खल झाला. तिथे मे-जूनमध्ये पाऊस किती असतो, हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या मिळतात का, हे आईने मलाच विचारलं, जणू मी तिथे राहून आले आहे. इंजिनिअर मुलाचा दुसरा भाग या वेळी तपासलाच गेला नाही. पहिल्या तासात तो मागे पडला. जानेवारीत तो पुन्हा बसणार आहे. त्या तासासाठी तो जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतोय, त्या सीडच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आणि कारखान्यात चौथा स्टँड चाललाय, या वेळी सुरुवातीपासून फोटो काढत.